शेजारच्या वहिनींचं नाटक

सांगलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. थोडं आटोपशीर करून देते.

‘ताई, ह्यांच्या बदलीमुळे दीड वर्षापूर्वी आम्ही ठाण्याहून सांगलीला आलो. ठाण्याला गडकरी रंगायतन हाकेच्या अंतरावर होतं, वर्षाला चार-पाच नाटकं सहज व्हायची. इथे मोठ्या नटांची नाटकं येतात, पण तेवढी नाही. शेजारच्या वहिनी बँकेत आहेत आणि इथल्या एका हौशी नाट्यसंस्थेत कामं करतात. गेल्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेत त्यांचं नाटक होतं. त्यांनी आग्रहाने बोलावलं, पासही आणून दिले. आम्ही चौघं गेलो. थिएटरात जेमतेम साठ-सत्तर माणसं. गर्दी नव्हती म्हणून मागे ऐसपैस बसलो, तर अर्धे संवाद ऐकूच आले नाहीत. एका नटाला वाक्य आठवेना, ते सगळ्यांना कळलं. नऊ वर्षांचा मुलगा कंटाळून मोबाइल मागायला लागला आणि मध्यंतरात आम्ही उठून आलो. पहिला अंक संपताना वहिनी दाराची कडी लावायला जातात आणि कडीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहतात, तेवढं मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी “कसं वाटलं?” विचारलं, मी “छान झालं” म्हणाले. आम्ही उठून आलो हे त्यांना कळलं असणार, कारण त्यानंतर त्या माझ्याशी नाटकाचा विषय काढत नाहीत. आता पुन्हा त्यांच्या तालमी सुरू झाल्यात. ह्यांचं म्हणणं, हौशी नाटकात वेळ घालवण्यापेक्षा चांगलं नाटक येईल तेव्हा जाऊ. आणि ७८ वर्षांच्या सासूबाई मागे लागल्यात, की इथली एक संस्था “संगीत शारदा” करतेय, ते मला दाखव. जावं का? गेलं तर कसं पाहावं? आणि वहिनींशी काय बोलू?’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. जा, असंच माझं उत्तर आहे, आणि एकदा जाऊन थांबू नका. पण गेल्या वर्षी काय बिनसलं ते आधी बघू. कारण तुम्हाला नाटक आवडलं नाही असं मला वाटतच नाही. तुम्हाला ते नीट मिळालंच नाही.

पहिलं म्हणजे बसायची जागा. हौशी नाटकात प्रत्येक नटाच्या अंगावर माइक नसतो. रंगमंचाच्या पुढच्या कडेला दोन-तीन ठेवलेले असतात, कुठे वरून टांगलेले असतात. नट मागच्या दाराशी गेला, खिडकीकडे तोंड करून बोलला, की आवाज पडतो. त्यात थिएटर रिकामं असलं की आवाज घुमतो. भरलेल्या थिएटरात माणसांच्या अंगावर, कपड्यांवर तो घुमारा जिरून जातो, रिकाम्या थिएटरात भिंतीवर आपटून परत येतो. म्हणजे माणसं कमी असतील त्या दिवशी पुढे बसायला हवं, आणि आपण सगळेच त्या दिवशी हातपाय पसरून मागे बसतो. चौथी ते आठवी रांग, मधोमध. स्पर्धेचं नाटक असेल तर मध्यावर कुठे तरी परीक्षक बसलेले दिसतील, पुढ्यात छोटासा दिवा घेऊन. त्यांच्या अगदी मागे बसू नका, अंधारात तो दिवा सारखा डोळ्यांत येतो.

दुसरं, विसरलेलं वाक्य. याबद्दल मला जरा सविस्तर सांगू दे, कारण अशा एका रात्री मी विंगेत उभी होते.

आमच्या संस्थेत मी बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. एका प्रयोगात दुसऱ्या अंकाच्या ऐन मध्यावर आमच्या मुख्य नटाचं वाक्य गेलं. सासरे-सुनेचा प्रवेश होता, सासरे खुर्चीत बसलेले, हातात चहाचा कप. मी विंगेतून पहिले दोन शब्द दिले. त्यांना ऐकू गेले नाहीत. पुन्हा दिले, जरा मोठ्याने. पहिल्या रांगेतल्या माणसाने माझ्या दिशेने मान वळवली, पण नटाच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. अशा वेळी तीन सेकंद म्हणजे काय असतं ते विंगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सुनेचं काम करणारी मुलगी एका शाळेत शिक्षिका होती, नाटकात काम करायची तिची ही फक्त दुसरी वेळ होती. ती संहितेत नसताना उठली, सासऱ्यांच्या हातातून कप काढून घेतला, म्हणाली, “गार झाला असेल बाबा. दुसरा आणते.” आणि सरळ माझ्या विंगेत आली. मी वाक्य तिच्या कानात सांगितलं. ती कप घेऊन परत गेली, वाकून तो त्यांच्या हातात देताना वाक्याचा पहिला शब्द पुटपुटली, आणि त्यांनी पुढचं सगळं भाषण असं काही म्हटलं की तसं तालमीत एकदाही झालं नव्हतं. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना काहीच कळलं नाही. ज्यांना कळलं त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण थिएटर एकदम गप्प झालं, सगळे पुढे सरसावून बसले. ती शांतता मला आज तीसेक वर्षांनीही ऐकू येते.

तुमच्या त्या नटाला सावरायला कोणी उठलं की नाही, मला माहीत नाही. पण पुढच्या वेळी असं झालं तर वाक्य विसरलेल्या माणसाकडे पाहू नका, त्याच्या शेजारच्याकडे पाहा. त्या क्षणी तो काय करतो यावरून संस्थेची तालीम कळते, आणि माणसंही कळतात.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे येते. ते ‘चांगलं नाटक’ म्हणतात तेव्हा त्यांना मोठ्या नटांचं, दौऱ्यावर येणारं नाटक अभिप्रेत आहे. ती नाटकं जरूर बघा, मीही बघते. घोटून घोटून झालेल्या दोनशेव्या प्रयोगाची जी सफाई असते, ती हौशी नाटकाकडे मागू नये. त्यांचे दोन महिने तालीम करून एक प्रयोग होतो, फार तर दोन-तीन. मात्र सफाई नाही म्हणजे नाटक दुय्यम, हे मला मान्य नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. पुण्यात पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेच्या हौशी नाटकांत ते वर्षानुवर्षं कामं करत होते, पूर्णवेळ रंगभूमीवर आले ते १९६९ साली. त्याआधी ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांनी कुठल्या कमी प्रतीच्या नटाला पाहिलं असं कोण म्हणेल? नवं लेखन, धाडसी विषय, धंद्याच्या हिशेबात न बसणारी नाटकं आपल्याकडे बहुतेक वेळा आधी हौशी आणि प्रायोगिक मंडळींनीच उभी केली. गल्ला भरण्याची चिंता नसते, तेव्हा माणूस आपल्याला खरंच सांगायचंय ते नाटक निवडतो.

आणि सांगलीत राहून हौशी नाटकाकडे पाठ फिरवायची हे तर मला फारच जड जातं. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ केलं ते तुमच्याच गावात, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या पदरी राहून. म्हणून तर ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. मराठी नाटकाचा धंदा तेव्हा अस्तित्वातच यायचा होता, म्हणजे त्या दिवशी उभी राहिलेली माणसं आजच्या भाषेत हौशीच म्हणायची. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल तुमच्या गावाला लागून असलेल्या हरिपूरचे. आणि १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते शेजारच्या मिरजेला. ज्या गावात आणि आसपास हे सगळं झालं, तिथे भावे नाट्यमंदिरात साठ माणसं बसतात, हे वाचून मला त्रास झाला. तुमच्यावर राग नाही हो, तुम्ही निदान त्या साठांत होतात.

तुम्हाला मी एक वेगळी गोष्ट सुचवते. एक नाटक बघू नका, एक हंगाम बघा. राज्य नाट्य स्पर्धा १९५० च्या दशकात सुरू झाली, आजवर साठाहून अधिक वेळा भरली. दिवाळीच्या पुढेमागे ठिकठिकाणच्या केंद्रांवर प्राथमिक फेरी सुरू होते, सांगलीही त्यात असते. रोज संध्याकाळी एका संस्थेचं नाटक, असं पंधरवडाभर तरी चालतं. तिकीट नाममात्र, बाहेरच्या चहा-वड्याला त्याहून जास्त पैसे जातात. यातली चार नाटकं निवडा. एक वहिनींचं, एक पूर्ण नव्या लेखकाचं, एक शेजारच्या तालुक्यातून येणाऱ्या संस्थेचं आणि एक डोळे मिटून, कुठलंही. चारातलं एक फसेल, दोन ठीक असतील, एक तुम्हाला आठ दिवस सोडणार नाही. हे प्रमाण मी माझ्या अनुभवावरून सांगतेय, आणि मोठ्या नाटकांतही ते फार वेगळं नाही.

असं दोन-तीन वर्षं केलंत की दौऱ्याच्या नाटकात कधीच मिळत नाही ते मिळायला लागतं. तीच माणसं तुम्ही पुन्हा पुन्हा बघता. आमच्या गावात एक मुलगा पहिल्या वर्षी ट्रे घेऊन आत यायचा आणि ट्रे ठेवून जायचा, बस. ट्रेवरची फुलपात्रं वाजायची इतका हात थरथरायचा. पुढच्या वर्षी त्याला चार वाक्यं होती. मग एक वर्ष तो दिसलाच नाही, वडील गेले होते. नंतर आला तो बापाच्या भूमिकेत, पंचविशीतला पोरगा केसांना पांढरं लावून. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून तो उभा राहिला आणि थिएटरात ज्यांना ज्यांना माहीत होतं ते सगळे हलले. बाहेरगावाहून पाहुणा आलेला परीक्षक त्याला किती गुण देईल ते देवो, आम्ही जे पाहिलं ते त्याला दिसणं शक्य नव्हतं. सकाळी तोच मुलगा किराणा दुकानात आपल्याला साखर मोजून देतो. नाटकातला बाप आणि साखर मोजणारा हात एकाच माणसाचे आहेत हे माहीत असलेला प्रेक्षक, हे गावच्या नाटकाचं खरं धन आहे. टीव्हीवरच्या नटाशी तुमचं असं नातं होत नाही.

एक विनंती मात्र कळकळीने करते. या वेळी पासावर जाऊ नका. वहिनी प्रेमाने देतील, तरी म्हणा, “वहिनी, आम्ही तिकीट काढूनच येणार.” तिकिटाची रक्कम किरकोळ आहे, पण फुकट पासावर आलेला माणूस मध्यंतरात सहज उठतो आणि तिकीट काढून आलेला बसतो, हे मी किती तरी वेळा पाहिलंय. शासनाकडून स्पर्धेसाठी काही रक्कम मिळते, पण नेपथ्याचा टेम्पो, भाड्याचे दिवे, तालमीची जागा, सगळ्यांचा चहा, हे बरंचसं मंडळी आपल्याच खिशातून करतात. सोफा कोणाच्या तरी दिवाणखान्यातून आलेला असतो आणि त्या घरची माणसं आठवडाभर सतरंजीवर बसून टीव्ही बघत असतात.

मध्यंतरात उठण्याबद्दल तुम्हाला अपराधी वाटतंय, ते पत्रात शब्दाशब्दांत दिसतं. ते आता सोडून द्या. मूल रडवेलं झालं असेल, कोणाची तब्येत बरी नसेल, तर उठावं, आणि उठायचं तर मध्यंतरातच उठावं. तुम्ही प्रवेश चालू असताना खुर्च्या आपटत गेला नाहीत, हे बरं केलंत. फक्त एवढं लक्षात ठेवा की पडद्याला कुठे तरी एक बारीक फट असते आणि दुसरा अंक सुरू होण्याआधी कोणी तरी नट तिला डोळा लावून उभा असतो. साठातले चार गेले की त्याला दिसतं. म्हणून या वेळी दोन्ही अंक बघायचे हे घरून निघतानाच ठरवून निघा. हौशी नाटक पुष्कळदा दुसऱ्या अंकात सापडतं. पहिल्या अंकात नट घाबरलेले असतात, वेग चुकतो. मध्यंतरात कोणी तरी पाठीवर थाप मारून चहा पाजतं, आणि मग अंगात नाटक येतं.

आता सासूबाई आणि ‘शारदा’. हा भाग मला सगळ्यात आवडला.

१८९९ सालचं हे नाटक म्हणजे पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला काढलेल्या मुलीची गोष्ट. देवलांनी त्यात देव-दानव, राजे-राण्या कोणी आणले नाहीत, तेव्हाच्या घरातली माणसं आणली, त्यामुळे भाषा अजूनही कानाला घरचीच वाटते. जायच्या आधी दोन दिवस सासूबाईंना म्हणावं, नातवाला गोष्ट सांगा. त्या सांगतील, मध्येच एखादं पद गुणगुणतील, मुलगा विचारेल, “आज्जी, मग तिने ‘नाही’ का म्हटलं नाही?” आणि तुमच्या घरात नाटक दोन दिवस आधीच सुरू झालेलं असेल. ‘मूर्तिमंत भीती उभी’ हे पद जमलं तर घरी एकदा ऐकून ठेवा. कानाला चाल ओळखीची असली की थिएटरात शब्द आपोआप उलगडतात.

फक्त ध्वनिमुद्रिकेतल्या आवाजाशी ताडून पाहू नका. तुमच्या समोर गाणारी मुलगी दिवसभर कुठे तरी काम करून आलेली असेल. तिला गायचंय, चालायचंय, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचंय आणि पद संपताच पुन्हा साध्या बोलीत यायचंय. संगीत नाटकातली सगळ्यात अवघड जागा गाण्यात नसते, गाण्याच्या उंबरठ्यावर असते. नटी शेवटचं वाक्य बोलत असतानाच ऑर्गनवाला हलकेच सूर धरतो. बोलता बोलता तिचा आवाज त्या सुराकडे वळायला लागतो आणि वाक्याचा शेवटचा शब्द आणि पदाचा पहिला शब्द यांच्यात जोड दिसत नाही. हे जमलं की मी मनातल्या मनात नमस्कार करते. एखादीचं जमत नाही. ती थांबते, ऑर्गनकडे बघते, श्वास घेते, मग गाते. तेही ऐका. पुढच्या प्रयोगात तिचं जमेल.

शक्य असेल तर ऑर्गन आणि तबला ज्या बाजूला असतील त्या बाजूच्या खुर्च्या घ्या, सासूबाईंना वादकांचे हात दिसतील. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा असत. लोक पदाइतकेच तबल्याला कान देऊन बसत. तुमच्या संस्थेतला तबलजी कदाचित कॉलेजातला पोरगा असेल, पण नटीच्या तानेमागे कसं जायचं हे तो तिच्याकडे बघून शिकत असतो आणि ते बघण्यासारखं असतं.

लांबीची काळजी करू नका. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात झाला तेव्हा त्याचे चारच अंक बसवून झाले होते. पुढे सात अंक झाले आणि पदं दोनशेच्या घरात गेली. त्या काळी माणसं रात्र रात्र बसत. आता संस्था बरीच पदं गाळतात, अंक आटोपशीर करतात. तरी संस्थेच्या माणसाला आधी फोन करून किती वाजता सुटेल ते विचारून घ्या. सासूबाईंसाठी कडेची खुर्ची घ्या, म्हणजे मध्येच उठावं लागलं तर कोणाचे पाय ओलांडावे लागणार नाहीत. प्रसाधनगृहापर्यंत पायऱ्या किती आहेत ते आदल्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन बघून या. पंखे असोत नाही तर एसी, शाल बरोबर असू दे. त्यांना पद आवडलं तर मोकळेपणी दाद देऊ द्या. ‘वन्स मोअर’ची आपली जुनी रीत आहे आणि हौशी गायिकेला म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ते ऐकायला मिळालं तर ती ते जन्मभर विसरत नाही. गायिकेबरोबर मोठ्याने गाऊ मात्र नका म्हणावं. माझ्या आईला हे सांगावं लागायचं, आणि सांगितलं की ती ओठ घट्ट मिटून मांडीवर बोटांनी ताल धरायची.

मुलासाठी एक करून बघा. नेपथ्य बहुधा प्रयोगाच्या दिवशीच लागतं. संस्थेला विचारून सकाळी अर्धा तास त्याला घेऊन जा. नुसती लाकडाची चौकट, तिला कापड ठोकून भिंत होते, मागून टेकू दिलेला असतो, ते त्याला बघू दे. जमिनीवर खडूच्या आणि रंगीत पट्ट्यांच्या खुणा असतात, टेबल इथे, खुर्ची तिथे, अंधारात कोणाचा पाय अडखळू नये म्हणून. दिवे लावणारा माणूस शिडीवर चढून एकेक दिवा हाताने वळवत असतो. एवढं बघितलेला मुलगा संध्याकाळी मोबाइल मागत नाही, तो ती भिंत हलते का ते बघत बसतो. तिथून नाटकात शिरायला त्याला वेळ लागत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला वहिनींचं गंभीर सामाजिक नाटक झेपेलच असं नाही. नाही झेपलं तर त्या दिवशी त्याला घरी ठेवा, यजमान आणि तो घरी, तुम्ही आणि सासूबाई थिएटरात. त्याच्यासाठी बालनाट्य स्पर्धेतली नाटकं आहेत, ती त्याच्याच वयाची मुलं करतात.

हे वाचणाऱ्या इतरांपैकी काहींच्या गावात बंदिस्त नाट्यगृहच नसेल. तसं असेल तर आपल्या मुलखातलं जे आहे तिकडे जा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडच्या वाचकांना मी काय सांगू, दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडप पडतात आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक मंडळ्या रात्रभर खेळ करतात. तिथले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. सिंधुदुर्गात जत्रेला दशावतार आहे, लिहिलेली संहिता नाही, समोरासमोर उभं राहून संवाद जागच्या जागी रचायचे. गोव्यात देवळाच्या उत्सवात गावकरी स्वतःच नाटक बसवतात. अंथरायला सतरंजी आणि अंगावर घ्यायला घोंगडी न्या, पहाटेचं गार असतं.

राहिला प्रश्न वहिनींचा.

तुम्ही ‘छान झालं’ म्हणालात. नाटकवाल्या माणसाला हा शब्द ऐकला की आत काही तरी बंद होतं, कारण न बघता आलेला माणूसही तेवढंच म्हणतो. त्यांना स्तुती नको होती. तुम्ही काय पाहिलंत ते हवं होतं. आणि तुम्ही पाहिलंय! तुमच्याच पत्रात आहे ते. इतक्या तक्रारींच्या मध्ये तुम्ही लिहिलंत, की वहिनी कडी लावायला जातात आणि कडीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहतात, आणि ते अजून डोळ्यांसमोर आहे. तो क्षण आपोआप होत नाही. कडी लावायची, की हात तसाच ठेवायचा, किती वेळ ठेवायचा, मान वळवायची की नाही, यावर तालमीत अख्खी संध्याकाळ गेलेली असू शकते. हॉलमध्ये साठ माणसं, संवाद मागे पोचत नाहीत, सहकलाकाराचं वाक्य गेलेलं, आणि तरीही त्या बाईंनी एका शब्दाशिवाय मागच्या रांगेत बसलेल्या तुमच्यापर्यंत काही तरी पोचवलं. हे त्यांना कोणी सांगितलंय का? मला शंका आहे.

तेव्हा स्पर्धेची वाट बघू नका. आज-उद्या त्यांच्याकडे जा, आधी खरं ते सांगा, की मुलगा कंटाळला म्हणून आम्ही मध्यंतरात निघालो आणि तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. मग कडीचं सांगा. तुमच्या पत्रातल्याच शब्दांत सांगा, त्याहून चांगले शब्द मला सुचत नाहीत. संवाद ऐकू आले नाहीत, हेही सांगायला हरकत नाही, पण ते त्यांनी विचारलं तर, आणि त्या दिवशी आपण फार मागे बसलो होतो हे जोडून. दोष कधी सांगावा याचा माझा हिशेब साधा आहे. त्याच नाटकाचा पुढचा प्रयोग व्हायचा असेल तर दोन दिवसांनी निवांत सांगावा, त्याचा उपयोग होतो. प्रयोग संपलाच असेल तर स्वतःपाशी ठेवावा. आणि पडदा पडल्या पडल्या रंगपटात गर्दी करून तर कधीच सांगू नये. तोंडाचा रंग पुसत असलेल्या माणसाच्या अंगावर अजून कातडी आलेली नसते.

नंतर त्यांना विचारा, दुसऱ्या अंकात ती कडी लागते की नाही? तुम्हाला शेवट माहीत नाही, आणि त्यांच्याइतकं चांगलं तो कोणी सांगणार नाही. त्या सांगायला लागल्या की मध्ये बोलू नका. चहा गार झाला तरी चालेल.